‘रोम’ची घडी कुठं घातली ते दिसतं

2023 च्या मे महिन्यात रे स्टीव्हन्सन गेला तेव्हा आपल्याकडच्या सगळ्या बातम्यांमध्ये एकच ओळख होती, ‘आरआरआर’मधला दुष्ट गव्हर्नर. इटलीत इस्किया बेटावर शूटिंगला गेला होता, तिथंच गेला, एकोणसाठ पूर्ण व्हायला चार दिवस होते. मी बाबांना मोबाइलवर फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, अरे हा तर आपला पुलो. मग गप्पच बसले. थोड्या वेळाने म्हणाले, लाव परत. त्या रात्री आम्ही मावसभावाकडून आणलेली ती जुनी हार्डडिस्क शोधली, केबल शोधली, आणि ‘रोम’ पहिल्या भागापासून परत बघायला घेतली, आमच्या घरी तिसऱ्यांदा. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसले.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (आणि पुढे सगळा शेवट सांगितलाय, त्यामुळे बघायची असेल तर आधी बघून या, खरंच.) ‘रोम’ 2005 मध्ये एचबीओवर आली, बीबीसी आणि इटलीचं सरकारी चॅनल राय यांच्यासोबत मिळून केलेली. पहिल्या सीझनला सुमारे 10 कोटी डॉलर लागले, म्हणजे तेव्हाच्या भावाने चारशे कोटी रुपयांच्याही वर, फक्त बारा भागांना. रोममधल्या चिनेचित्ता स्टुडिओत जवळपास पाच एकरांवर अख्खं शहर उभं केलं होतं. 2007 च्या मार्चमध्ये दुसरा सीझन संपला आणि मालिकाही संपली. बारा अधिक दहा, एकूण बावीस भाग. बस. आपल्याकडे बावीस भागांत एका साखरपुड्याची तारीख ठरत नाही.

गोष्ट ज्युलियस सीझरच्या काळातली, पण सांगितलीय दोन साध्या सैनिकांच्या बाजूने. ल्युशियस व्होरेनस आणि टायटस पुलो. ही नावं मनाची नाहीत, सीझरने स्वतः गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, युद्धावर जे लिहून ठेवलंय त्यात एका परिच्छेदात ही दोन नावं येतात, एकमेकांशी चढाओढ करणारे दोन सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचे नायक, लढाईत एकाने दुसऱ्याचा जीव वाचवला आणि मग दुसऱ्याने पहिल्याचा. एवढंच. त्या एका परिच्छेदातून मालिकावाल्यांनी दोन अख्खी आयुष्यं काढली, आणि सीझर, ब्रूटस, अँटनी, क्लिओपात्रा ही मोठी माणसं या दोघांच्या आयुष्याला धक्के मारत जातात असं दाखवलं. शाळेत आपण इतिहास शिकतो तो राजांच्या सनावळीचा. इथं राजा मेला त्या दिवशी शेजारच्या घरात काय शिजत होतं तेही दिसतं.

बाबांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर बाकीचं कळणार नाही. बाबा गोरेगावच्या फिल्मसिटीत सुतारकाम करायचे, सेटवर. तीस-बत्तीस वर्षं. देवळं, महाल, कोर्ट, पोलीस स्टेशन, हॉस्पिटल, श्रीमंत सासरचा तो गोल जिना, सगळं त्यांच्या हातून गेलंय. त्यामुळे आमच्या घरी कुठलीही मालिका लागली की बाबा माणसांकडे नंतर बघतात, आधी भिंतीकडे. ‘रोम’चा पहिला भाग त्यांनी पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मध्येच थांबवून चहा ठेवायला उठले तर म्हणाले, थांब जरा, तो कोपरा बघू दे. फोरमच्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, बाजारातला एक खांब होता, खालून माणसाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंग उडालेला आणि जरा तेलकट, वर मात्र चांगला. बाबा म्हणाले, हे बघ, इथं लोक रोज टेकतात हे त्या पेंटरला माहितीये. आमच्याकडे सेट नवा कोरा दिसायला पाहिजे असा हट्ट असतो, इथं कोणीतरी सेटला जुनं करायला पैसे दिलेत. मग हिशेब करायला लागले की एवढ्या मोल्डिंगला किती माणसं लागली असतील, किती महिने, पावसाचं काय केलं असेल.

आणि दुसरं त्यांना जे आवडलं ते व्होरेनसचं घर. व्होरेनस राहतो अ‍ॅव्हेंटाइनवर, गरिबांच्या वस्तीत, एका अनेक मजली इमारतीत जिच्या मधोमध चौक आहे, चारही बाजूंनी लाकडी गॅलऱ्या, वरून कपडे वाळत घातलेले, खाली कोणीतरी भांडतंय, पोरं धावतायत, पाण्यासाठी बायका खाली उतरतायत. आम्ही सगळे एकदम म्हणालो, ही तर चाळ! माझे आजोबा गिरणीत होते, लालबागच्या चाळीत बाबांचं लहानपण गेलं, आणि बाबा अगदी खात्रीने सांगायला लागले की बघ, वरच्या मजल्यावरची बाई खालचं सगळं ऐकतेय, ती नुसती उभी नाहीये. खरंच ऐकत होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधली चाळ आणि लालबागची चाळ यात गॅलरीत उभं राहून ऐकणाऱ्या बाईत काहीच फरक नाही, आणि हे ज्या माणसांना सुचलं त्यांच्याबद्दल मला अजून फार प्रेम आहे.

आणि तो दवंडीवाला! फोरममध्ये उभा राहून हातवारे करत बातम्या सांगणारा जाडा माणूस, इयान मॅकनीसने केलाय. युद्धाची बातमी, खुनाची बातमी, सणाची तारीख, आणि मध्येच पीठ दळणाऱ्यांच्या संघाची जाहिरात, खऱ्या रोमनांसाठी खरी रोमन भाकरी. कुठल्या बाजूचं सरकार आलं की त्याचा सूर कसा बदलतो ते फक्त बघत राहावं, चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

आता आईचं. आईला लढाया, सिनेट वगैरे काही नको होतं. आई बघत होती नायोबीसाठी. व्होरेनसची बायको, इंदिरा वर्माने केलीय. व्होरेनस आठ वर्षं लढाईवर, तो मेला असंच तिला वाटलेलं, आणि एके दिवशी तो चौकात येऊन उभा राहतो तेव्हा तिच्या कडेवर तान्हं मूल आहे. त्याचं पहिलंच वाक्य, हे मूल कोणाचं? ती सांगते, तुझा नातू, मोठ्या मुलीचा. मूल तिचंच असतं. हे खोटं मग सीझनच्या शेवटापर्यंत त्या घरात राहतं, जेवायला बसतं, झोपतं. आईचे वडील मुंबईत आणि आजी राजापूरकडे गावी, वर्षातून एकदा गणपतीला आणि जमलं तर शिमग्याला भेट, असं आईचं लहानपण. ती नायोबीकडे बघून एवढंच म्हणाली, इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाला घरात बसवायचं कुठं हेच बाईला कळत नसतं गं, त्याची जागाच राहिलेली नसते. मी तो प्रसंग आधी दोनदा बघितला होता, मला नुसता संशय आणि राग दिसला होता. आईने सांगितल्यावर दिसलं की नायोबी त्याच्यासाठी स्टूल पुढं करते आणि मग आपण कुठं उभं राहावं हे तिलाच सुचत नाहीये.

पहिल्या सीझनचा शेवट तर मी आयुष्यात बघितलेल्या सगळ्या टीव्हीमध्ये सगळ्यात वर ठेवते. सीझरचा खून होणार हे सगळ्या जगाला माहितीये, त्यात काय दाखवणार? तर त्यांनी असं केलं की व्होरेनस त्या दिवशी सीझरच्या सोबत असतो, तो असता तर कोणाची हिंमत झाली नसती, आणि सिनेटच्या वाटेवर एक बाई येऊन त्याच्या कानात फक्त ते मूल कोणाचं हे सांगते. तो सीझरला तसाच सोडून घराकडे धावतो. इकडे सिनेटमध्ये सुरे निघतात आणि तिकडे चाळीच्या गॅलरीत नायोबी उभी आहे, त्याला म्हणते पोराचा काही दोष नाही, आणि मागे झुकते. खाली चौक. दोन मरणं एकाच वेळी, एक जगाच्या इतिहासात गेलं आणि एकाची कोणाला खबर नाही. आई उठून आत गेली होती. बाबा म्हणाले, गॅलरीचा कठडा मुद्दाम बुटका ठेवला होता बघ पहिल्यापासून.

इथपर्यंत गोष्ट कशी चालते तर इ.स.पू. 52 पासून 44 पर्यंत, म्हणजे आठ वर्षं बारा भागांत. वेगच आहे हा, काही कमी नाही, पण जाणवत नाही कारण ते मोठ्या लढाया सोडून देतात आणि माणसांपाशी थांबतात. सीझर आणि त्याचा प्रतिस्पर्धी पाँपी यांची फार्सालसची एवढी मोठी लढाई, काही सेकंदांत, धूसर चेहरे, तलवारी, झालं. लोक म्हणतात पैसे नव्हते म्हणून. असतील नसतील, मला ते पटलंच, कारण पुढं पाँपी हरल्यावर वाळूत काठीने रेघोट्या मारून आपली चूक कुठं झाली ते समजावत बसतो ना, ते त्या सगळ्या लढाईपेक्षा मोठं आहे.

आणि मग दुसरा सीझन.

मालिका लिहिणारा मुख्य माणूस ब्रूनो हेलर. त्याने नंतर सांगितलंय की दुसरा सीझन लिहून अर्धा झाला तेव्हा कळलं की हाच शेवटचा. त्याच्या डोक्यात पाच सीझन होते. दुसरा संपणार होता सीझरच्या मारेकऱ्यांतल्या ब्रूटसच्या मरणावर. तिसरा आणि चौथा इजिप्तमध्ये, अँटनी आणि क्लिओपात्राचा. पाचव्यात पॅलेस्टाइन, तिथं मसीहाचा उदय. बंद होणार कळल्यावर त्याने तिसरा आणि चौथा उचलून दुसऱ्यातच कोंबला. आता तुम्ही दुसरा सीझन काढा आणि बघा, ब्रूटस सहाव्या भागात मरतो. म्हणजे जिथं सीझन संपायचा तिथून पुढं चार भाग उरतात आणि त्या चार भागांत दोन सीझन आहेत!

आपल्या मराठीत यासाठी बरोबर शब्द आहे, मालिका गुंडाळली. मला हा शब्द इंग्रजीवाल्यांच्या ‘कॅन्सल’पेक्षा जास्त खरा वाटतो, कारण ‘रोम’ मध्येच तुटली नाही, तिला शेवट आहे, आणि चांगला शेवट आहे, पण ती गुंडाळली आहे आणि घडी कुठं घातली ते दिसतं. सीझरचा वारस ऑक्टेव्हियन, त्याच्या बहिणीचं, ऑक्टेव्हियाचं, अँटनीशी लग्न इतिहासात इ.स.पू. 40 चं, अ‍ॅक्टियमची लढाई, जिच्यात अँटनी हरला, ती 31 ची, मधली नऊ वर्षं. आठव्या भागात अँटनी रोममध्ये चडफडतोय आणि नववा भाग लागतो तर डोळ्यांत काजळ घालून इजिप्तमध्ये बसलाय, क्लिओपात्रापासून पोरं झालीयेत, माणूस आतून सडून गेलाय. कसा सडला? ते बघायचं होतं ना आम्हाला! जेम्स प्युरफॉयसारखा नट हाताशी असताना ती घसरण वर्षा-वर्षाने बघायला मिळाली असती. जो माणूस पहिल्या सीझनमध्ये जगाला हसत होता तो एवढा एकटा कसा पडला, ते सगळं दोन भागांच्या फटीत गेलं.

आईने याहून साधी गोष्ट पकडली. म्हणाली, व्होरेनसची पोरं वाढलीच नाहीत. मी म्हटलं म्हणजे? म्हणाली, एवढी वर्षं गेली म्हणतात, अँटनी म्हातारा दिसायला लागला, तो ऑक्टेव्हियन तर नटच बदलून मोठा करून आणला, आणि ही पोरं तेवढीच? तो धाकटा ल्युशियस, नायोबीचं ते मूल, आहे तेवढाच आहे. खरं होतं. मी तीनदा बघून मला दिसलं नव्हतं. ज्या मालिकेत खांबावरचा तेलकट डाग विसरले नाहीत त्या मालिकेत पोरांचं वय विसरलं जातं, यावरून त्या शेवटच्या भागांत लिहिणाऱ्यांची काय धांदल उडाली असेल ते कळतं. मला त्यांचा राग नाही येत. वाईट वाटतं.

बंद का केली, तर पैसा. मालिका बघणारे होते, कपड्यांना आणि सेटला एमी मिळाले होते, पण एवढं महागडं शहर रोजच्या रोज चालवायचं, वर बीबीसीची साथ दोन सीझनपुरतीच. त्या काळात एचबीओने असे अजूनही धक्के दिले. ‘डेडवुड’ 2006 मध्ये तीन सीझनवर थांबवली, ‘कार्निव्हाल’ 2005 मध्ये दोनवर, तिचे सहा ठरवलेले होते. ‘डेडवुड’वाल्यांना निदान 2019 मध्ये एक सिनेमा करून गोष्ट मिटवता आली. ‘रोम’च्या सिनेमाचीही चर्चा होती बरीच वर्षं, हेलर बोलत होता, झाला नाही. आणि आता पुलोच नाही.

याच्यावर आमच्यात वाद खूप झालेत. माझ्या ऑफिसमधला एक मित्र आहे, विरारहून येतो, रोजच्या दोन तासांच्या प्रवासात त्याने जगातल्या सगळ्या मालिका मोबाइलवर संपवल्यात, त्याचं म्हणणं बंद झाली तेच बरं झालं. म्हणतो ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं बघ, आठ सीझन केले आणि शेवट असा केला की लोक आता पहिला सीझनही लावत नाहीत. ‘रोम’ बावीस भागांत गेली म्हणून आपण तिची आठवण काढतोय. मला हे अजिबात पटत नाही. तरणाताठा माणूस गेला की लोक म्हणतात बरं झालं, म्हातारपण बघावं लागलं नाही, तसलं बोलणं आहे हे. लांबली असती तर बिघडली असती हे कशावरून? ज्याच्याकडे पाच सीझनचा आराखडा होता, शेवट कुठं आहे ते माहीत होतं, त्याला ती संधी द्यायला हवी होती. बिघडवली असती तर आम्ही शिव्या दिल्या असत्या, तो आमचा हक्कच आहे, पण बिघडवायला तरी मिळायला पाहिजे.

मावसभावाचं वेगळंच. त्याला अ‍ॅक्टियम पाहिजे होती. आरमाराची एवढी मोठी लढाई, जगाचा नकाशा बदलला त्यामुळे, आणि शेवटचा भाग उघडतो तो लढाई संपल्यावर, समुद्रात एक छोटी होडी, त्यात अँटनी आणि व्होरेनस, थकलेले, भिजलेले. तो म्हणतो फसवलं आम्हाला. मी मात्र ती होडी सोडायला तयार नाही. अख्खं आरमार दाखवलं असतं तर मला काय कळलं असतं? दोन माणसं एका होडीत बसलीत आणि त्यांच्यामागे काही उरलेलं नाही, यातून हार कळते. बाबा दोघांच्या मध्ये पडून म्हणाले, लढाईचे पैसे नव्हते म्हणून होडी सुचली, पैसे नसले की कधीकधी चांगलं सुचतं, पण दरवेळी पैसे नसले तर माणूस सुचायचं बंद होतो. बाबा असं एकदम बोलतात आणि पेपर उघडतात.

सिनेटमधला मोठा वक्ता सिसरो, त्याच्या मरणावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. पुलो त्याला मारायला त्याच्या बागेत जातो, बायकापोरांना वाटेत सोडून आलाय, सहलीला निघाल्यासारखा, आणि आधी विचारतो झाडावरचे पीच तोडू का. सिसरो म्हणतो घे. मग दोघं चार गोष्टी बोलतात. सिसरो त्याला सांगतो की मला मारणारा म्हणून तुझंही नाव राहील. पुलोला खरंच नवल वाटतं, माझं नाव? रे स्टीव्हन्सनचा तो चेहरा, मोठ्या अंगाच्या माणसाचा लहान पोरासारखा चेहरा. ‘आरआरआर’मध्ये ज्याने त्याला बघितलंय त्याला कळणार नाही की हा माणूस किती हळुवार काम करायचा.

हे सगळं लिहिताना माझ्या डोक्यात आपली ‘सावित्रीजोती’ सारखी येतेय. तुलना नाही करत, पैशाची तर नाहीच नाही. सोनी मराठीवर जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली, ओमकार गोवर्धन जोतीराव आणि अश्विनी कासार सावित्रीबाई. माझी काकू, जिने आयुष्यात कधी सासू-सुनेशिवाय काही लावलं नाही, ती वेळेवर लावून बसायची. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, सगळ्यांचीच शूटिंगं थांबली, पावसाळ्यात परत सुरू झाली, आणि त्याच डिसेंबरमध्ये टीआरपी नाही म्हणून बंद. वर्षही पुरतं झालं नाही. फुले दांपत्याचं आयुष्य म्हणजे 1848 ची शाळा एवढंच नाही ना, पुढं 1863 चं बालहत्या प्रतिबंधक गृह आहे, 1873 चा सत्यशोधक समाज आहे, 1876-77 च्या दुष्काळातली अन्नछत्रं आहेत, 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं, आणि मग 1897 चा प्लेग, पाठीवर आजारी पोर घेऊन आलेली ती बाई. एवढ्या मोठ्या आयुष्याला सावकाश चालायला जागा लागते. काकू तेव्हा फोनवर म्हणाली होती, आम्ही बघत होतो की गं, आम्हाला कोणी विचारलंच नाही. बरोबरच आहे, टीआरपीचा तो मीटर तेव्हा देशभरात मिळून चाळीसेक हजार घरांत होता, आमच्या अख्ख्या नात्यात कोणाकडे नाही, शेजारीपाजारी कोणाकडे असल्याचं ऐकलं नाही. आणि दुसऱ्या बाजूला जिथं गोष्ट केव्हाच संपलीय तिथं पाणी घालून घालून हजार भाग. ज्याला वेळ पाहिजे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याला कोणी थांबवत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

‘रोम’ संपल्यावर काही महिन्यांतच, 2007 च्या ऑगस्टमध्ये, चिनेचित्ताला आग लागली आणि त्या सेटचाही काही भाग जळाला. हे मला खूप नंतर कळलं, बाबांना सांगितलं तर त्यांना आधी विश्वासच बसेना, मग विचारलं, तो बाजार राहिला का? बाबांनी स्वतः बांधलेलं काही राहिलेलं नाही. आपल्याकडे मालिका उतरली की चार दिवसांत सेट तोडतात, चांगली फळी असेल ती दुसऱ्या सेटवर जाते, बाकीचं भंगारात, आणि जिथं देव्हारा होता तिथं पुढच्या आठवड्यात कोणाचं तरी ऑफिस असतं. एकदा एक ऐतिहासिक मालिका अशीच अचानक बंद झाली, नाव नाही घेत, बाबा दुसऱ्या पाळीला गेले तर सांगितलं काम नाही, तोडायचं आहे. त्यांनी दोन महिने खपून एक दरवाजा केला होता, कमानीवर वेलबुट्टी, तो कॅमेऱ्यासमोर एकदाही उघडला गेला नव्हता. दरवाजातून राणी येणार होती ती पुढच्या महिन्यात. बाबांनी तो स्वतःच्या हाताने खिळे काढून उतरवला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, आणि त्यातली एक छोटी पट्टी घरी आणली. ती आमच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांखाली आहे, अजून आहे.

चिनेचित्तातला राहिलेला सेट मात्र उभा आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. मी बाबांना म्हटलंय एकदा जाऊ. ते म्हणतात, मला फक्त त्या खांबाला हात लावायचाय.

यावेळी आम्ही शेवटचा भाग एका रविवारी दुपारी बघितला. व्होरेनस जखमी होऊन घरी पोचलाय, पोरं त्याच्याजवळ येतात, मोठी मुलगी त्याचा हात धरते, त्यानंतर तो दिसत नाही. मेला असं पुलो ऑक्टेव्हियनला सांगतो. पण पुलो त्याच दमात क्लिओपात्राच्या पोराला, सीझेरियनला, मारलं असंही सांगतो, आणि ते तर सपशेल खोटं, कारण पोरगं बाहेर उभं आहे. त्यामुळे व्होरेनस जिवंत आहे असं मानणाऱ्यांत आमची आई पहिली. मित्र म्हणतो मेला. बाबा म्हणतात त्याला कुठंतरी गावाला पाठवला असेल, बरा होईपर्यंत. पुढचे सीझन असते तर कळलं असतं, आता ज्याने त्याने आपल्या घरी ठरवायचं.

आणि मग ती गल्ली. बाजारातून पुलो आणि तो पोरगा चालत येतायत, पोरगा ताठ मानेने म्हणतो की मी माझ्या बापाचं, सीझरचं नाव परत मिळवीन. त्याला माहितीच नाही की मालिकेच्या हिशेबाने त्याचा बाप शेजारी चालतोय. पुलो म्हणतो, ऐक, तुझ्या बापाबद्दल... आणि दोघं गर्दीत पुढं जातात, त्याचं वाक्य आपल्याला ऐकू येत नाही. आई सोफ्याच्या कडेला सरकून बसली होती. अंधार झाला, नावं वर जायला लागली, तरी ती टीव्हीकडेच बघत होती, आणि म्हणाली, पुढचं सांगितलं असेल ना त्याने त्याला?